उसनवारी टिपणवहीत सुरू होते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

प्रबंध सादर करण्याची मुदत जवळ आली की विद्यापीठांच्या आसपासच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानांत ‘प्लॅजरिझम (उचलेगिरी) कमी करून मिळेल’ ही पाटी दिसू लागते. काम सोपे असते. ‘समाज’ काढून ‘जनसमुदाय’ घालायचे, ‘केले’चे ‘करण्यात आले’ करायचे, लांब वाक्य मधोमध तोडायचे. सॉफ्टवेअरने काढलेल्या साम्याच्या रिपोर्टातला आकडा तीस टक्क्यांवरून नऊवर उतरतो, मार्गदर्शकांची सही होते, प्रबंध पुढे सरकतो. मूळ लेखकाचे नाव आधीही नव्हते, नंतरही नसते. फरक एवढाच की आधीची वाक्ये निदान वाचता येत होती.

याचे खापर विद्यार्थ्यांच्या नीतिमत्तेवर फोडून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते दोष दुसरीकडे आहे. आपण आकडा तपासतो, मजकूर तपासत नाही. आणि संदर्भ वाचताना कसा टिपून ठेवायचा हे बहुतेक ठिकाणी कोणी शिकवतच नाही. बरीचशी उसनवारी लिहायला बसल्यावर होत नाही. ती टिपणवहीत आधीच झालेली असते, प्रबंधात फक्त उतरते.

आधी नियमाविषयी, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य निघाले तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत प्रबंध सुधारून द्यायचा. ४० ते ६० टक्के असेल तर सुधारित प्रबंध देण्यालाच वर्षभर बंदी. ६० च्या वर नोंदणी रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाण समीकरणे हे सगळे मोजणीतून वगळायचे असते. योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळतात. या शेवटच्या सवलतीचा अर्थ ‘१४ शब्द उचलायला हरकत नाही’ असा सर्रास लावला जातो आणि मग दर तेरा शब्दांनंतर एक शब्द बदलण्याचा उद्योग सुरू होतो. तसेच दहा टक्क्यांचे. शिक्षा नाही याचा अर्थ मुभा आहे असा होत नाही. ३०० पानांच्या प्रबंधात १० टक्के म्हणजे ३० पाने. एक आख्खे प्रकरण कोणाचे तरी उचलले आणि बाकी सगळे स्वतः लिहिले तरी आकडा नियमात बसतो. उलट संतसाहित्यावरच्या प्रामाणिक प्रबंधात अभंग आणि ओव्या पानोपानी येतात. अवतरणे वगळण्याची खूण रिपोर्ट काढताना केली नाही, की तोच आकडा सहज विशीच्या पुढे जातो. म्हणून रिपोर्टाचे पहिले पान पाहून निकाल देणे म्हणजे ताप न मोजता थर्मामीटरची किंमत वाचण्यासारखे आहे. आत रंगवलेले परिच्छेद एकेक करून वाचावे लागतात: काय जुळले, कशाशी जुळले, तिथे अवतरणचिन्ह आहे का, तळटीप आहे का.

शिवाय मराठी मजकुरापुढे साम्य मोजणारे हे यंत्र बरेचसे आंधळे आहे. आयोगाच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना साम्य शोधणारी सॉफ्टवेअर मिळाली, आधी उरकुंड आणि पुढे ड्रिलबिट. पण कोणतेही सॉफ्टवेअर त्याला वाचता येणाऱ्या मजकुराशीच तुलना करणार. १९३० साली छापलेले आणि फक्त जुन्या ग्रंथालयाच्या कपाटात असलेले पुस्तक त्याला ठाऊक नसते. ठाऊक असले तरी ते बहुधा स्कॅन केलेले चित्र असते, मजकूर नव्हे. त्यात जुन्या छपाईतले ‘असें’, ‘तें’, ‘कीं’ असे अनुस्वार. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ते गेले. जुना परिच्छेद नव्या शुद्धलेखनात उतरवला की यंत्राच्या लेखी बरेच शब्द वेगळे होतात.

सर्वांत मोठे भोक फाँटचे. कृतिदेव किंवा तशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला प्रबंध पडद्यावर देवनागरी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. कृतिदेवमधला ‘कमल’ यंत्राला डी, ई, वाय अशी तीन इंग्रजी अक्षरे म्हणून दिसतो. अशा पीडीएफचा रिपोर्ट शून्याच्या जवळ येतो आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. खरे तर मराठी प्रबंधाचा रिपोर्ट एक-दोन टक्के आला तर आधी शंका घ्यावी. तपासायला अर्धा मिनिट लागतो: पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवायचा. देवनागरी उमटली तर ठीक. रोमन अक्षरांचा कचरा उमटला तर तो रिपोर्ट रद्दीत टाकायचा आणि मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मागायचा. रूपांतर करताना जोडाक्षरे, रफार आणि ‘ऱ्य’ बिघडतात, त्यामुळे मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते. मुदतीच्या आदल्या आठवड्यात हे होत नाही. सुरुवातीपासूनच युनिकोडमध्ये टाइप करावे.

आता टिपणवहीकडे.

पुस्तक हातात घेतले की पहिले वाक्य टिपण्याआधी शीर्षकपान आणि त्याच्या मागचे पान यांचा मोबाइलवर फोटो काढावा. लेखक, संपादक, अनुवादक, प्रकाशक, गाव, आवृत्ती, वर्ष हे सगळे तिथे असते, आणि शेवटच्या महिन्यात पुस्तक पुन्हा मिळेलच असे नाही. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गल्लत करू नये. पुनर्मुद्रणात पाने सहसा तीच राहतात, नव्या आवृत्तीत हलतात. महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये प्रथम काढले. पुढच्या सुधारित आवृत्तीत भर पडली. ‘फुले, पृ. २१५’ एवढ्या तळटिपेवरून वाचकाने कोणती प्रत उघडायची?

टिपणात तीन गोष्टी येतात आणि त्या तिन्ही पहिल्या दिवसापासून डोळ्यांना वेगळ्या दिसल्या पाहिजेत. जसेच्या तसे उतरवलेले शब्द दुहेरी अवतरणचिन्हात, समासात ‘अ’. आपल्या शब्दांतला सारांश, समासात ‘सा’. वाचताना आपल्याला सुचलेले मत, समासात ‘म’. तिन्हींपुढे पानाचा आकडा. ‘म’पुढेही, कारण ते मत कशावरून सुचले हे नंतर आठवत नाही. अवतरण उतरवताना मूळ पान जिथे उलटते तिथे एक तिरकी रेघ मारावी, म्हणजे पुढे त्यातला अर्धाच भाग वापरला तरी पानाचा आकडा अचूक राहतो. संगणकावर टिपणे घेणाऱ्यांनी तीन रंग वापरावेत. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर एखादे नेटके वाक्य आपले की लेखकाचे हे सांगता येत नसेल, तर ते लेखकाचे समजून मूळ पुस्तक उघडावे. प्रामाणिक विद्यार्थीही सर्वाधिक सापडतो तो इथेच. त्याने चोरायचे ठरवलेले नसते. त्याच्या वहीत खूण नसते.

सारांश कसा करायचा हा पुढचा, आणि आमच्या मते सर्वांत कमी शिकवला जाणारा भाग. उदाहरणापुरते एक वाक्य रचू. समजा मूळ लेखकाने लिहिले आहे: “१९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर स्त्रियांची संख्या मोठी होती, त्यामुळे मजुरी प्रथमच थेट त्यांच्या हातात पडू लागली.” विद्यार्थी लिहितो: “सन १९७२ मधील दुष्काळावेळी शासकीय कामांवर महिलांचे प्रमाण अधिक होते, परिणामी वेतन पहिल्यांदाच सरळ त्यांच्या हाती येऊ लागले.” जवळजवळ प्रत्येक शब्द बदलला आहे, आणि तरीही ही उचलेगिरीच आहे. वाक्याचा सांगाडा, विधानांचा क्रम, कारण आणि परिणाम यांची जोडणी सगळे मूळ लेखकाचे. खाली तळटीप दिली तरी दोष पुरता जात नाही, कारण तळटीप ‘विचार त्यांचा, मांडणी माझी’ असे सांगते आणि मांडणीही त्यांचीच असते.

पुस्तक मिटून, दहा मिनिटांनी, ‘यांनी नेमके काय म्हटले आणि मला ते कशासाठी हवे आहे’ एवढेच आठवून लिहिले तर वाक्य वेगळे येते: “मजुरी स्त्रियांच्या थेट हाती येण्याची सुरुवात अमुक लेखक १९७२ च्या दुष्काळी कामांपाशी मानतात, पण मजुरी हाती पडणे आणि ती खर्च करण्याचा अधिकार मिळणे यांत त्यांनी फरक केलेला नाही.” इथे विधान कोणाचे हे वाक्यातच कळते आणि ‘पण’पासून पुढचे विद्यार्थ्याचे आहे हेही कळते. पुस्तक पुन्हा उघडून आकडे, नावे आणि ‘बहुधा’, ‘काही’, ‘फक्त’ यांसारखे शब्द ताडून घ्यायचे. मूळ लेखकाने ‘काही गावांत’ म्हटले असेल आणि सारांशात ‘गावांत’ उरले, तर शब्दचोरी टळूनही लेखकावर अन्याय झालाच.

शब्द इतके नेमके असतील की बदलले तर बिघडतील, तर सरळ अवतरण द्यावे. चार ओळींहून मोठे अवतरण आत सरकवून वेगळ्या परिच्छेदात. गाळलेल्या जागी तीन टिंबे, आपण घातलेला शब्द चौकटी कंसात. जुन्या पुस्तकातले शुद्धलेखन तसेच ठेवावे. बदलले असेल तर प्रास्ताविकात एकदा सांगावे. मराठीत आणखी एक धोका आहे. आपले क्रियापद शेवटी येते आणि नकारही शेवटी येतो. “स्त्रीशिक्षणाने संसार बिघडतो असे मानण्याचे काही कारण नाही” या वाक्याचा शेपटीकडचा भाग तीन टिंबांत गेला की लेखक नेमके उलटे बोलू लागतो. एकोणिसाव्या शतकातले निबंधकार तर प्रतिपक्षाचे म्हणणे पानपानभर मनापासून मांडत आणि मग ते खोडून काढत. त्या पूर्वपक्षातला उतारा लेखकाचे मत म्हणून छापला जाणे हा मराठी प्रबंधांतला जुना रोग आहे. अवतरणाच्या आधीचे आणि नंतरचे एकेक पान वाचल्याशिवाय अवतरण घेऊ नये.

नाव कोणाचे द्यायचे, हाही प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘केसरी’ १८८१ मध्ये सुरू झाला आणि १८८७ पर्यंत त्याचे संपादक आगरकर होते. त्या वर्षांतला सही नसलेला अग्रलेख दिसला की खाली ‘टिळक’ लिहून मोकळे होणारे प्रबंध आहेत. निनावी मजकुराला निनावीच ठेवावे: पत्राचे नाव, ‘अग्रलेख’, मथळा, तारीख, पान. लेखक ठरवायचाच असेल तर कोणत्या संग्रहाच्या किंवा पुराव्याच्या आधारे ठरवला ते लिहावे. आजच्या वृत्तपत्रांच्या बाबतीत आवृत्तीचे गावही द्यावे, कारण पुणे आवृत्तीतली बातमी नागपूर आवृत्तीत असेलच असे नाही.

अभंगांचे तसेच. तुकोबांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघाली. त्यानंतरच्या वेगवेगळ्या प्रतींत अभंगांची संख्या, क्रम आणि पाठही वेगळे आहेत. ‘तुकाराम गाथा, अ. क्र. ११०२’ असे लिहिणे म्हणजे गावाचे नाव न देता घर क्रमांक देणे. संपादक, प्रकाशक, वर्ष, मग क्रमांक, आणि खात्रीसाठी ध्रुपदाची पहिली ओळ.

दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेले अवतरण मूळ ग्रंथ पाहिल्याच्या थाटात देणे, ही उसनवारी कोणतेही सॉफ्टवेअर पकडत नाही, कारण अवतरणे मोजणीतून वगळलेली असतात. पकडतो तो जाणता परीक्षक, आणि तोही चुकांवरून. इतिहासाच्या प्रबंधात शकातली वर्षे तपासून पाहावीत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सर्वांना पाठ असते. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, म्हणजे १६७४. पण जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. फाल्गुन वद्य ३, शके १५५१ म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. यांत्रिकपणे ७८ मिळवले तर १६२९ येते. मोडी कागदांत सुहूर सन (अरबी वळणाची जुनी कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे. एखाद्या दुय्यम पुस्तकात असे एक वर्ष चुकलेले असते आणि तीच चूक, त्याच जागी, तीन प्रबंधांत सापडते. तिघांनीही तळटिपेत मूळ कागदपत्रांच्या छापील खंडाचे नाव दिलेले असते. सोपा आणि सभ्य मार्ग एकच: मूळ पाहिले नसेल तर ‘अमुक यांचे पत्र, उद्धृत: तमुक, पृ. ८८’ असे लिहावे. यात कमीपणा काही नाही. दफ्तरखान्यातला कागद प्रत्यक्ष पाहिला असेल तर संस्थेचे नाव, दफ्तर, रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) आणि पुडक्याचा क्रमांक, मूळ तिथी जशीच्या तशी आणि चौकटी कंसात इंग्रजी तारीख. लिप्यंतर दुसऱ्याने करून दिले असेल तर त्यांचे नाव.

इंग्रजीतून मराठीत गुपचूप आणलेला मजकूर हा आमच्याकडचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रकार. सामाजिक शास्त्रांतले ‘सैद्धांतिक चौकट’ हे प्रकरण अनेकदा एखाद्या इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे भाषांतर असते. हल्ली ते भाषांतरही यंत्राने केलेले. भाषा बदलल्यावर जुळणी शोधणे सॉफ्टवेअरला अजून भरवशाने जमत नाही. माणसाला मात्र दिसते: ‘या प्रकाशात’, ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की’ अशी वाक्ये ओळीने आली की मूळ इंग्रजी कापडाची शिवण उसवलेली असते. भाषांतरित उताऱ्याला अवतरणचिन्ह लागते, मूळ ग्रंथाचे पान लागते आणि ‘अनुवाद प्रस्तुत संशोधकाचा’ हे शब्द लागतात. छापील मराठी अनुवाद उपलब्ध असेल तर तोच वापरून अनुवादकाचे नाव द्यावे. कळीच्या वाक्याचे मूळ इंग्रजी तळटिपेत द्यावे.

चॅटबॉटकडून संदर्भसूची मागण्याविषयी थोडक्यात: तो खऱ्या लेखकाच्या नावावर न लिहिलेले पुस्तक, खरा वाटणारा प्रकाशक आणि पानांसकट देतो. ग्रंथालयाच्या तालिकेत न सापडलेली आणि स्वतः न उघडलेली एकही नोंद सूचीत ठेवू नये.

प्रताधिकाराचा आणि श्रेयाचा संबंध नाही, हेही सांगायला हवे. १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी बहुतेक लेखन सर्वांसाठी खुले होते. आगरकर १८९५ मध्ये गेले. त्यांचे निबंध कोणीही छापू शकतो. पण ते आपले म्हणून कोणीच छापू शकत नाही.

लिहितानाची एक बारीक गोष्ट. ‘तत्रैव’ (वरच्याच ग्रंथात) आणि ‘उ. नि.’ (आधी उल्लेखलेला ग्रंथ) या तळटिपा कच्च्या खर्ड्यात वापरू नयेत. परिच्छेद वर-खाली हलले, मध्ये नवी तळटीप आली, की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते आणि न केलेली चोरी केल्यासारखी दिसते. शेवटच्या हातापर्यंत लेखकाचे आडनाव, ग्रंथाचे छोटे नाव आणि पान असे पूर्ण लिहावे. ‘तत्रैव’ सगळ्यात शेवटी घालावे. त्याच बैठकीत तळटिपांतले प्रत्येक पुस्तक सूचीत आहे का आणि सूचीतले प्रत्येक पुस्तक तळटिपांत आहे का हे ताडावे. दीडशे नोंदींच्या सूचीतली साठ पुस्तके प्रबंधात कुठेच न येणे हीही एक प्रकारची फसवणूक आहे, जरी तिला टक्केवारी नसली.

विद्यापीठांकडे आमचे मागणे मोठे नाही. पीएच.डी.साठी संशोधन-नीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम आयोगाने आधीच सक्तीचा केलेला आहे. त्यातले निदान सहा तास मराठी उताऱ्यांवर, वही-पेन घेऊन, सारांश आणि अवतरण करून घेण्यात घालवावेत. संशोधन सल्लागार समितीपुढे विद्यार्थी दर सहामाहीला उभा राहतो, तेव्हा प्रगती-अहवालासोबत टिपणवही मागावी. तिच्यातली कोणतीही दहा टिपणे निवडून मूळ पुस्तकातली पाने समोर ठेवायला सांगावे. याला तासभर लागतो. दहापैकी तीन पाने सापडली नाहीत तर तेव्हा उरलेली तीन वर्षे हातात असतात. मुदतीच्या आठवड्यात मात्र झेरॉक्सचे दुकानच उरते.

आपले,
विद्यापीठ ग्रंथालयात संदर्भसेवेचे काम करणारे दोन वाचक, पुणे